पहिलं फूल कापणारी कात्री

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी एक जुनी कात्री आहे. मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते. आज माझ्या पात्याला खाच आहे, पण कधीकाळी माझ्या धारेला तोड नव्हती.

एका छोट्या कारखान्यात माझी पाती घडली. तिथून मी काकूंच्या शिवणाच्या डब्यात आले. काकू मला कुणाला हात लावू देत नसत. एकदा काका, म्हणजे त्यांचे यजमान, बसची ड्युटी करून घरी आले आणि त्यांनी माझ्या पात्यांनी चक्क तार कापली. झाली खाच! मी कापड कापायच्या ऐवजी चावू लागले, तेव्हा काकूंनी मला बागेच्या कामाला लावलं. शिवणातून थेट चिखलात! मला फार वाईट वाटलं.

पण माझे खरे दिवस तिथेच आले. काकू मागच्या भिंतीशी सूर्यफुलं लावायच्या. एका दांड्यावर ताटाएवढं एकच फूल येतं, ती नव्हेत. ह्यांना फांद्या फुटतात आणि फांदीफांदीला लहान फुलं लागतात. पिवळी, विटकरी, काळ्या डोळ्यांची. मात्र शेंड्याचं पहिलं फूल उमललं की ते लगेच कापायचं, अशी काकूंची रीत होती.

"अगं, पहिलंवहिलं फूल. राहू दे की," काका दरवर्षी म्हणायचे.

"पहिल्याचेच लाड केले तर बाकीच्यांनी काय उपाशी राहायचं?" असं म्हणत काकू मला उघडायच्या. कच्! मग हंगामभर फुलंच फुलं. कापावीत तेवढी येत. काकू ती येणाऱ्याजाणाऱ्याला वाटत. काम झालं की माझी पाती पुसायच्या, तेलाचं बोट फिरवायच्या आणि मगच मला टांगायच्या. त्या बोटाची मला सवय झाली होती.

यंदा काकूंनी बी पेरलं. रोपं वीतभर झाली आणि काकू आजारी पडल्या. मग त्या गेल्याच.

काका पाणी घालत राहिले. पहिलं फूल उमललं. मी खिळ्यावर वाट पाहत होते. काका खुर्ची घेऊन त्या फुलासमोर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मला कुणी हात लावला नाही. दवाने माझ्यावर गंज चढला. फूल बी धरू लागलं, जड होऊन मान टाकू लागलं. खालच्या कळ्या सुकायला लागल्या. मला सगळं दिसत होतं, पण कात्रीने सांगायचं कसं?

एक दिवस काकूंची धाकटी बहीण आली.

"भाऊजी, हे झाड आहे की भिंतीवरचा फोटो? कापलं का नाही?"

"तुझ्या ताईच्या हातचं शेवटचं फूल आहे ते."

"शेवटचं कसं? पानांच्या बेचक्यात बघा. किती कळ्या ताटकळल्यात. ह्या कुणाच्या हातच्या? शेजारणीच्या?"

काकांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. "माझ्याने नाही होणार. तू काप."

"मी बरी कापेन! तार कापताना नाही मला बोलावलंत!"

काकांनी मला खाली काढलं. माझ्या कड्या काकूंच्या बारीक बोटांच्या मापाच्या. स्टिअरिंग धरून जाड झालेला काकांचा अंगठा आत जाईना. गंजाने मी उघडेना. शेवटी मी करकरत उघडले. दांडा एका फटक्यात तुटला नाही, चावत चावत तुटला. फूल हातात घेऊन काका तसेच उभे राहिले.

"कापलं बघ," ते हळूच म्हणाले. पण मेहुणीकडे बघून नव्हे.

थोड्या दिवसांनी फांद्यांवर फुलं आली. सुकलेल्या कळ्या सुकल्याच, पण उरलेल्या उमलल्या. आता काका सकाळी फुलं कापतात आणि फाटकाशी उभे राहून ती कुणाला द्यावीत याचा विचार करतात.

मित्रांनो, काकांचा हात जड आहे. मला पुसायचं ते विसरतात. दार वाजलं की मला अजून काकूच आल्या असं वाटतं. तरी मी मन लावून कापते. म्हणून एक मागणं आहे. घरातलं कुणी गेलं, तर त्यांची हत्यारं फडक्यात बांधून ठेवू नका. वापरा, पुसा, कोरडी ठेवा. धार काय, पुन्हा लावता येते. हाताची ऊब मात्र आम्हाला कुणीतरी द्यावी लागते.