चाकावरचा ठिपका

खडूचा ठिपका खाली सरकला होता... दुर्बिणीच्या फोकसच्या चाकावर मास्तरांनी स्वतःच काढलेला, बरोबर माथ्यावर. आणि आता कडेला, जसं काही झालंच नाही. मास्तरांनी चष्मा काढून डोळा लावला — युरेनस नुसता ओलसर डाग. चाक फिरवून ठिपका माथ्यावर आणला, तेव्हा कुठे डागाचा गोल झाला. म्हणजे कुणीतरी हात लावतंय. मुलं नव्हेत, हात पाठीमागे बांधूनच बघायचं, ही शिस्त त्यांचीच. मग उरलं कोण? ...लेक. गच्चीवरची आकाशदर्शनाची रांग सांभाळणारी, मघापासून खगोल मंडळाच्या सेक्रेटरीच्या कानाशी लागलेली.

"बाबा, पुढच्या वेळी तुम्ही खाली हॉलमध्ये ग्रहांच्या गोष्टी सांगा ना," परवा भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली होती — सहज! त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय, आज हा ठिपका. वर्गात मागच्या बाकावर कुजबुज झाली की फळ्याकडे तोंड असतानाही त्यांना कळायचं, कोण ते. आता त्यांनाच मागच्या बाकावर बसवायचा घाट घातला जात होता, आणि तोही पोटच्या पोरीने.

"पाणी पिऊन येतो," म्हणून ते टाकीच्या आडोशाला थांबले. लाज वाटली; पण थांबले.

दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली, हात मागे बांधून वाकली.

"काय दिसलं?" लेकीने विचारलं. 'दिसलं का' नव्हे — तसं विचारलं की माणसं भिडेखातर हो म्हणतात, हे तिला लहानपणी त्यांनीच शिकवलेलं.

"धुकं," मुलगी म्हणाली. "आधीच्या काकांनाही धुकंच दिसलं. खाली बसून सांगत होते. इथे मात्र वा वा म्हणाले!"

लेकीची बोटं चाकावर गेली, किंचित फिरली.

"अय्या! हिरवी गोळी! चोखून चोखून बारीक झालेली!"

पकडलं! ते तरातरा बाहेर आले, पण कानात ते 'वा वा' घोळतच राहिलं... आज किती जणांचं? आणि मागच्या खेपेला?

"चाकाला हात का लावलास?"

"तुम्ही चष्मा काढून जुळवता, बाबा," ती हळूच म्हणाली. "ते तुमच्याच डोळ्यापुरतं जुळतं. सगळ्यांसमोर कसं सांगू?"

मास्तरांनी सवयीने चष्मा काढला, हात पाठीमागे बांधले आणि वाकले. डाग.

"आजोबा, काय दिसलं?" मुलीने अगदी त्यांच्याच सुरात विचारलं.

'हिरवी गोळी' हे शब्द ओठांवर तयार होते — तिचेच, उसने. डोळा तिथून काढवेना. इतका वेळ लेकीवर रोखलेला संशय वळून आत आला होता, आणि चाकापाशी, चष्म्यापाशीही थांबत नव्हता... मघाशी ठिपका माथ्यावर असताना गोल दिसला होता, खरंच, पण हिरवा? तो हिरवा रंग इतक्यांना आपण दाखवला, की नुसताच सांगितला...