छप्पर बसायच्या आत

तोकिलुपे आत्याने कपाळाला हात लावला. सामोआतल्या आपिया शहरात, चर्चच्या हॉलमध्ये नवरी फेतू डोक्यावर पिसांचा उंच मुकुट घालून उभी राहिली होती आणि बँडवाल्यांनी चक्क ताउआलुगा सुरू केला होता. ताउआलुगा म्हणजे सामोअन लग्नातला शेवटचा नाच. आणि त्याआधी नाचायची होती ती आत्याची भाची अनासेइनी अजून मागच्या खोलीत अंगाला खोबरेल चोळून घेत होती!

सहा महिने आत्याने या पोरीला तिकडे आपल्या टोंगा बेटावर या नाचासाठी घासूनपुसून तयार केलं होतं. गुडघे जोडलेले, पाठ ताठ, जे काय सांगायचं ते हातांनी आणि मानेच्या एका छोट्या झटक्याने. "सामोअन पोरींसारखी झुललीस तर याद राख," हे रोजचंच. ताहितीचं तर घरात नाव काढायची सोय नव्हती. तिथल्या बायका कंबरेने चटणी वाटतात, असं आत्याचं ठाम मत होतं.

एवढा आटापिटा सेमिसीसाठी. सेमिसी म्हणजे नवरदेव, अनासेइनीचा थोरला भाऊ. टोंगात बहीण-भाऊ वयात आले की थट्टा बंद, मोकळं बोलणं बंद. बारा वर्षांची झाल्यापासून ती त्याच्याशी दोन वाक्यांच्या पुढे बोलली नव्हती. परवा ती विमानाने परत जाणार, तो इथेच सासरी राहणार. भावाच्या लग्नातला नाच, एवढी एकच जागा तिला बोलायला होती.

आत्या तरातरा तोफिगाकडे गेली. हा नवरीचा काका, माइक त्याच्याच हातात.

"अहो व्याही, आमच्या पोरीचा नाच राहिला की!"

"राहिला? अरे देवा. पाद्रीसाहेबांना दुसऱ्या लग्नाला जायचंय, विहीणबाई. म्हटलं उरकून घेऊ."

"उरकून? कागदावर ती आधी होती. तुम्हीच लिहिलंत ना?"

"लिहिलं खरं. चष्मा घरी राहिला."

"मग हिच्यानंतर घ्या तिला."

"नंतर कसं? ताउआलुगा म्हणजे घरावर छप्पर घालणं. छप्पर बसलं, घर झालं. मग वर कोण चढणार?"

तो माइक हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावा असं आत्याला फार वाटलं.

"आणि चालू असताना शेजारी नाचली तर?"

"नाचू दे की! छप्पर कुठे बसलंय अजून? पण घाई करा. नवरीभोवती लोळणारे लोळतात तोवरच बँड वाजवतो."

नवरीभोवती तिचे मामे-काके वेडेवाकडे नाचत होते, जमिनीवर अंग टाकत होते. त्यांचं माकडपण जितकं जास्त तितकी नवरी डौलदार दिसते. पण जेवणं जड झाली होती. दोघे खुर्च्यांवर जाऊन धापा टाकत बसले, तिसराही निघाला.

आत्याने मागच्या दाराकडे तोंड करून आरोळी ठोकली, "अने! आहेस तशी ये!"

"आत्या, पायांना तेल राहिलंय!"

"पाय कोण बघतंय, मेले! ये म्हणते ना!"

नवरदेवाची आत्या म्हणजे टोंगात सगळ्यांत वरचा मान. तिच्यापुढे नवरदेवाचा बापसुद्धा जपून बोलतो. असली वेडगळ सोंगं करायला गावात दुसरे पुष्कळ असतात. आत्याने सपाता भिरकावल्या, दात-ओठ खाल्ले आणि फेतूच्या पायांशी आडवी झाली. सगळा हॉल ओरडला. बँडवाल्यांना नवा जोर चढला. आत्या या कुशीवरून त्या कुशीवर लोळत होती आणि मनात तोफिगाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

मग अनासेइनी आली. फेतूने हसून तिला शेजारी जागा दिली. एक झुलत होती, पावलं सरकवत होती. दुसरी ताठ, गुडघे जोडलेली, फक्त हात आणि मान. गाणं एकच. मानेचा तो झटका भावाकडे पाहून आला, तसा सेमिसी उठून उभा राहिला. त्याने मान खाली घातली आणि तो सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागला. अनासेइनीही रडत होती, पण तिचे हात चुकले नाहीत.

बँडवाल्याने शेवटच्या ओळीसाठी ताल हळू केला.

"उठा विहीणबाई," तोफिगा वाकून म्हणाला. "झालं आता."

"काही झालं नाही," आत्या खालूनच खेकसली आणि पुन्हा कूस बदलली. "वाजव म्हणावं त्याला. मी दमले नाहीये अजून."