मानाजीरावांच्या मनगटाचा दुसरा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे मशीन आहे आणि मला फुशारकी मारायला आवडते. आधीच सांगून ठेवलेले बरे.

लाकडी खोक्यात बसून मी १९६८ साली म्हैसूरला आले. सयाजीराव रोडवरच्या एका दवाखान्यात हळदकुंकू लावून, हार घालून माझे स्वागत झाले. पुढे पार बेट्टदपुरापासूनचे मोडके हातपाय माझ्यासमोर आले. मी कामाला कधी कंटाळले नाही.

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मानाजीराव आले. ते पोलिसांच्या घोडदळात स्वार होते. दसऱ्याच्या मिरवणुकीच्या सरावात घोड्यावरून पडून त्यांचे डावे मनगट सुजले होते, आणि लगाम धरायचा तो डाव्याच हाताने. मी फोटो काढला. हाडे साफ दिसली.

"म्हणलं नव्हतं? नुसता उळुकु, एनू इल्ल!" मानाजीराव खुशीत म्हणाले. "मुरगळलंय, बाकी काही नाही. पट्टी बांधतो आन् जातो."

पण मला चालवणारी वनजा भारी चिवट. तिने त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी बोट दाबले, तसे ते कळवळले.

"स्वल्प इरी, जरा थांबा," ती म्हणाली. "हात करंगळीकडं वाकवून आणखी एक काढू."

मला रागच आला. माझ्या फोटोवर अविश्वास! पण दुसऱ्या फोटोत एका बोराएवढ्या हाडात केसासारखी बारीक चीर दिसली. मी खजील झाले.

"हे राहून गेलं असतं तर हाड जुळलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "मग लगाम कायमचा सुटला असता. आता तीन महिने प्लास्टर."

"आन् दसरा?"

"यंदा नाही."

एवढा मिशीवाला गडी, ढसाढसा रडला. मलाही फार वाईट वाटले.

पुढच्या विजयादशमीला वनजाने माझ्या खोलीच्या खिडकीचा काळा पडदा सारला. खाली मिरवणूक चालली होती. ढोलांच्या दणक्याने मानाजीरावांचा घोडा उधळला, दोन पायांवर उभा राहिला. लोक ओरडले. मानाजीरावांनी डाव्या हाताने लगाम असा खेचला, की घोडा मुकाट्याने रांगेत आला. वनजा टाळ्या पिटत नाचली. मला हात असते तर मीही पिटल्या असत्या.

आता माझ्या जागी संगणकवाली मशीन आहे आणि मी कोपऱ्यात धूळ खाते. चालायचेच. पण मित्रांनो, दुखणे अंगावर काढू नका. एकदा काही दिसले नाही आणि तरी दुखत राहिले, तर पुन्हा दाखवायला जा. माझा पहिला फोटो फसला होता, हे मी ताठ मानेने सांगते. कारण दुसरा काढला, म्हणून मानाजीराव त्यानंतर अकरा दसरे घोड्यावर होते.