छातीपर्यंत पाणी

एका घराला किती नळ लागतात हे घर बांधायला काढल्याशिवाय माणसाला कळत नाही. कोरलला आता ते पुरेपूर कळलं होतं. नळ झाले, फरशी झाली, दारांच्या मुठी झाल्या, मग छपराच्या पत्र्याला करडा रंग द्यायचा की जरा जास्त करडा, यावरही वाद घालून झाला. पर्थच्या उत्तरेला, जिथे कालपरवापर्यंत नुसती झुडपं आणि वाळू होती, तिथे त्यांचं नवं घर उभं राहिलं. एकमजली, रुंद दारांचं, एकही उंबरा नसलेलं, न्हाणीघरात धरायला दांडे लावलेलं. हे सगळं नवऱ्याच्या, मर्व्हच्या पार्किन्सनसाठी. आणि हे सगळं निवडायचं काम कोरलचं, कारण दांड्यांचा विषय निघाला की मर्व्हला नेमकी झोप यायची.

आता काय, तर तलाव.

"मागे पोहायला तलाव नाही ते घर कसलं? खोकं ते!" मर्व्ह म्हणाला होता, आणि या विषयावर मात्र त्याला अजिबात झोप येत नव्हती. त्याने स्वतःच फोन लावला, स्वतःच वेळ ठरवली. मग आज सकाळी तलावांचे नकाशे काढणारी शेली दारात हजर. चाळिशीची, उन्हाने रापलेली, डोक्याला मोठी हॅट, खांद्यावर हिरव्या पाइपचं वेटोळं.

"आधी पाइप जमिनीवर टाकून बघू या," ती म्हणाली. "कागदावर सगळेच तलाव सुंदर दिसतात. पाइप टाकला की नवराबायकोचं भांडण होतं, आणि मग खरा आकार सापडतो."

"आमच्यात नाही होत भांडणं," मर्व्ह म्हणाला.

"तुला ऐकू येत नाहीत, इतकंच," कोरल म्हणाली आणि चहा करायला आत गेली.

चहा घेऊन ती बाहेर आली तोवर उघड्या वाळूवर पाइपचा एक लांबडा आकार पडलेला होता. मर्व्ह खुर्चीत बसून हुकूम सोडत होता. त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, नेहमीसारखाच. पण चेहरा? चेहरा बघावा! तरुणपणी तो समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक होता, डोक्याला लाल-पिवळी टोपी बांधून लाटांत उड्या मारायचा. तेव्हाचाच चेहरा होता तो. कोरलला तो बघून बरंही वाटलं आणि रागही आला.

"या टोकाला दोन मीटर खोल," मर्व्ह सांगत होता. "इथून सूर मारायचा. कडेने पायऱ्याबियऱ्या नकोत, जागा जाते. दांडे तर अजिबात नकोत."

"मर्व्ह," कोरल म्हणाली, "दांडा हवा."

"ही बघ! हिला बाहुलीच्या घरातही दांडा लावायचाय. अगं बाई, तलाव आहे तो, म्हाताऱ्यांचं न्हाणीघर नाही."

"आणि मध्येच तुझे हातपाय आखडले तर?"

"पाण्यात आखडत नाहीत. आणि आखडले तर तू आहेसच की."

झालं. तू आहेसच की. डॉक्टरकडेही हेच. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पोहा, खुशाल पोहा, औषधच आहे ते, पण एकट्याने नाही, पोहता येणारं माणूस जवळ हवं. मर्व्हने लगेच हिच्याकडे बोट केलं, "कोरल आहे ना!" डॉक्टरांनी मान हलवली, लिहून घेतलं, संपलं. त्या दिवसापासून कोरलला धड झोप नव्हती. डोळे मिटले की तिला तो दोन मीटर खोल कोपरा दिसायचा, त्यात तळाशी गेलेला मर्व्ह दिसायचा, आणि काठावर उभी असलेली ती स्वतः.

कारण कोरलला पोहता येत नव्हतं.

ती वाढली किनाऱ्यापासून दूर आत, गव्हाच्या शेतीच्या पट्ट्यात. तिथे पाणी म्हणजे बापाचं शेततळं, आणि त्या गढूळ पाण्यात उतरलात तर चाबूक. लग्न होऊन किनाऱ्यावर आली तेव्हा पोहता येतं का, हे तिला कुणी विचारलंच नाही. या लोकांत कुणी तसं विचारत नाही. चालता येतं का, असं विचारतं का कुणी? सगळे धावत पाण्यात शिरायचे आणि टॉवेल, चपला, सँडविचचा डबा सांभाळायला कुणीतरी लागायचंच. ती बसायची. दर नाताळात, दर सुट्टीत, गुडघ्यापर्यंत पाय ओले करून. "कोरलला केस भिजवायचे नसतात," असं सगळे हसून म्हणायचे. पोरं झाली, पोरं पोहायला शिकली, पोरांची पोरं शिकली, कोरलचे केस कोरडेच राहिले.

शेली पाइप सरळ करत करत जवळ आली. तलावाला कायद्याने लागणारं कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक, कुंपणाला लागून चढण्यासारखं काही ठेवायचं नाही, सगळं पाठ असल्यासारखं बोलून झालं. मग ती थांबली.

"आणि तुम्हाला काय हवंय, कोरल? मघापासून हेच बोलतायत. तुम्हाला पोहायला कुठला भाग लागेल?"

"तिला? तिला केस..." मर्व्हने सुरुवात केली.

"मला पोहता येत नाही," कोरल म्हणाली.

आवाज काही मोठा नव्हता. दमलेल्या माणसाचा असतो तसाच होता. मर्व्ह आधी हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं.

"म्हणजे? जोरात नाही येत?"

"म्हणजे येतच नाही. बुडते मी. दगड."

"पण आपण होडीतून जायचो! बेटावर! दरवर्षी! पोरं मांडीवर घेऊन बसायचीस तू!"

"हो."

"लाइफ जॅकेट न घालता!"

"तूच म्हणायचास, आपल्याला कशाला लागतं जॅकेट."

मर्व्हचा चेहरा लालबुंद झाला. "मी अख्ख्या किनाऱ्याला पोहायला शिकवलं, कोरल. चड्डीची नाडी बांधता न येणाऱ्या पोरांना शिकवलं! आणि माझ्या घरात माझी बायको... काय म्हणावं आता तुला?"

"काहीही म्हण!" आता कोरलचाही तोल गेला. "वर्षभर सगळे म्हणतायत, कोरल आहे ना. गोळ्या कोरल देईल, बटणं कोरल लावेल, नळ कोरल निवडेल. आणि उद्या तू या खड्ड्यात बुडायला लागलास की कोरल काय करेल, ठाऊक आहे? काठावर टॉवेल घेऊन उभी राहील! तेवढंच येतं मला. थकले मी, मर्व्ह. रोज रात्री तू मरतोस, आणि रोज सकाळी मी उठून तुझा चहा करते."

शेलीने हॅट जरा खाली ओढली आणि पाइपमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखी ती तिथेच वाकून राहिली. बिचारी दुसरं काय करणार?

मर्व्ह खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. त्याला घरात जायचं असावं, पण चार पावलांत त्याचे पाय जमिनीला चिकटले. असं व्हायचं हल्ली. टाचा उचलायच्या, पाय पुढे पडायचा नाही. एरवी कोरल धावत जाऊन त्याचा हात धरते. आज ती उभीच राहिली. राग होता तो, आणि थोडी दमणूकही.

मर्व्ह पायांकडे बघत राहिला. त्याच्या एका बाजूला, वीतभर अंतरावर, वाळूवर हिरवा पाइप पडला होता. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, पाय अडले की समोर एखादी रेघ शोधा आणि ती ओलांडा. घरभर तिने चिकटपट्ट्या लावून दिल्या होत्या, त्या मर्व्हने उपटून काढल्या होत्या. आता तो हळूहळू पाइपकडे वळला, दम घेतला, आणि पाय उचलून पलीकडे टाकला. मग दुसरा. तो तलावात उभा होता.

"इकडे ये," तो म्हणाला.

"कशाला?"

"ये म्हटलं ना! आता तरी ऐक."

ती गेली. तिच्या खांद्याला धरून तो कण्हत, शिव्या घालत गुडघ्यांवर बसला.

"उठवणार कोण तुला आता?" ती म्हणाली.

"ते नंतर बघू. आडवी हो. पाठीवर."

"वाळूत? शेलीसमोर? वेड लागलंय का तुला?"

"शेलीने याहून वाईट पाहिलंय."

"खूपच," शेली पाइपकडे बघत म्हणाली.

कोरल आडवी झाली. खरं सांगायचं तर हट्टामुळे नाही, प्रेमामुळेही नाही, आडवं व्हायला कुणीतरी सांगितलं म्हणून. पाठीखाली वाळू ऊन होती. शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावला आणि लगेच खाली बसला. मर्व्हने आपला उजवा हात तिच्या मानेखाली सरकवला, पंजा डोक्याखाली धरला.

"जड आहे गं तुझं डोकं."

"त्यात तुझ्या गोळ्यांच्या वेळा आहेत."

तो हसला. आणि मग तिच्या लक्षात आलं. डोक्याखालचा हात थरथरत नव्हता. मांडीवर रिकामा पडला की तडफडणारा तो हात, तिचं वजन घेऊन अगदी स्थिर होता.

"खोली किती लिहू?" शेलीने हळूच विचारलं.

"हिच्या छातीपर्यंत," मर्व्ह म्हणाला. "इकडून तिकडे सगळीकडे तेवढंच. पायऱ्या रुंद घाल. आणि दांडा."

"दांडा?"

"दांडा, दांडा! बहिरी आहेस का? पाणी कधी भरता येईल?"

"परवानगी, खोदकाम, मग फरशी... पुढचा उन्हाळा धरून चला."

समुद्राकडून दुपारचं वारं सुटलं होतं, वाळूचे कण कोरलच्या तोंडावर येत होते. तिने डोळे मिटून घेतले.

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हा हात असा राहील की नाही, कुणास ठाऊक," मर्व्ह म्हणाला. "पाण्याची वाट बघत बसायचं नाही. रोज इथे यायचं. पहिलं ते पाठीवर तरंगणं. मान सैल सोड. कान पाण्यात जाऊ दे. पोट वर. आकाशाकडे बघ."

"डोळ्यांत वाळू जातेय."

"मग मीट. पण मान सोड. माझ्यावर टाक सगळं."

तिने मान सोडली. अख्ख्या वर्षात पहिल्यांदा तिचं काहीतरी दुसऱ्या कुणाच्या हातात होतं.

"हात काढू नकोस हं, मर्व्ह," ती म्हणाली.

"वेडाबाई," तो म्हणाला, "काढता यावा म्हणूनच शिकवतोय ना."

त्या दिवशी मात्र त्याने तो काढला नाही. शेलीने रंगाच्या फवाऱ्याने पाइपच्या कडेने पांढरी रेघ मारली, पाइप गुंडाळला, आणि दोघांना उठवायला ती तिथेच थांबून राहिली.