पांढऱ्या शर्टातलं रीडिंग

"अहो, आभाळात काय ठेवलंय तुमचं?" बायकोनं कोपरानं ढोसलं. "मुलीचं लग्न इथं खाली लागतंय."

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर कावळा चुळबुळत होता. कावळा हे त्याचं प्रयोगशाळेतलं नाव. गव्हाच्या पिकावरून किती ऊन परत फिरतं हे मोजणारा हा गृहस्थ बावीस हंगाम शेतात काळ्या शर्टातच वावरला होता. फिका कपडा स्वतःच उजेड फेकतो आणि यंत्र तो पिकाच्या नावावर मांडतं.

पेरणीपासून कापणीपर्यंत आठवड्याला एक रीडिंग, तेही स्वच्छ उन्हात, सूर्य डोक्यावर असताना. गहू कोवळा असेतो माती चमकते. भरात आला की तो लाल उजेड गिळतो आणि डोळ्यांना न दिसणारा भरभरून परतवतो. पिकू लागला की गिळणंही सोडतो. बावीस हंगामांत वहीतला एकही रकाना कोरा नव्हता. बायकोचा वाढदिवस मात्र त्याला तिलाच विचारावा लागे.

या आठवड्यात लोंब्या बाहेर पडल्या आणि सहा दिवस ढग बसून राहिले. आज सातवा, शेवटचा. आणि आजच मुलीनं हौसेनं आणलेला पांढरा शर्ट अंगात.

सह्या झाल्या आणि ऊन पडलं. कावळा उठला, बसला, पुन्हा उठला.

"जा बाबा," मुलगी म्हणाली. "नाहीतर सगळ्या फोटोंत वरच बघत असाल."

"जेवायला या म्हणजे झालं," बायको म्हणाली.

स्कूटर दामटत त्यानं शेत गाठलं. प्रमाण म्हणून ठेवलेल्या पांढऱ्या पाटीवर यंत्र जुळवलं, त्याचा दांडा गव्हावर धरला, धावतपळत सगळे वाफे उरकले. शेवटचा आकडा पडला आणि ढगांनी पुन्हा दार लावलं.

प्रयोगशाळेत विभागप्रमुख बाईंनी आकडे पाहिले. "वा, पीक भलतंच चमकतंय की."

कावळ्यानं खुंटीकडे पाहिलं. काळा शर्ट तिथंच लटकत होता. मग त्यानं स्वतःच्या बाहीकडे पाहिलं.

"पीक नाही बाई. मी चमकतोय."

बाईंना कळायला क्षणभर लागला. "मग थोडं कमी करून टाका. कोण बघतंय?"

"थोडं म्हणजे किती?"

त्यानं आकड्यांवर एकच सरळ रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, 'रद्द. कारण : पांढरा शर्ट.'

"अहो, वरचे लोक हसतील. नीट कारण लिहा."

त्यानं पेन पुन्हा उचललं. मग खाली लिहिलं, 'मुलीचं लग्न.'

वही मिटली. काळ्या शर्टाला हात न लावता तो जेवायला निघाला. वाटेत दोनदा वर पाहिलं. ढगच होते.