किल्लीला काळं

हिवतापाच्या खात्यातला पुंजाराम त्या श्रावणात उमरोळीच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यांवर फिरत होता. तिथली माणसं त्याला रगतवाला म्हणत. कामच तसं होतं. घरोघर जाऊन कुणाला ताप आलाय का विचारायचं, आला असेल तर बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, चार कडू गोळ्या द्यायच्या, दाराच्या फळीवर पेन्सिलीनं तारीख टाकायची आणि पुढचं घर गाठायचं. त्याला लांबून येताना पाहिलं की पोरंसोरं घेऊन बायका रानात पसार व्हायच्या. त्याला त्याचं वाईट वाटेनासं झालं होतं. औरंगाबादकडचं कोरडं गाव सोडून पालघरला येऊन त्याला दोन वर्षं झाली होती, आणि इथल्या पावसात माणसाला कशाचंच फार वाटत नाही, असं त्याचं मत होत चाललं होतं. सगळं ओलं, सगळं हिरवं, आणि सगळं थोडं दूर.

त्याची मोटारसायकल दोन हातांखालून आलेली. किल्लीची जागा पुढच्या दिव्याच्या डोक्यावर, थेट आभाळाकडे तोंड करून. पाऊस त्या भोकात ठिपकत राही. चार दिवस किल्ली कुरकुरत होती. कधी अर्धीच आत जाई, कधी जाई पण फिरत नसे. तो तिला हळूहळू हलवून, गोंजारून वळवायचा. त्या दिवशी दुपारी मात्र पाड्याच्या टोकाला, शेवटच्या झोपडीसमोर, ती जी अडली ती अडलीच. पुंजारामनं जोर केला तसा किल्लीला बारीकसा पीळ पडला. त्यानं हात काढून घेतला. इथे किल्ली तुटली तर गाडी पावसाळाभर इथेच राहणार.

तो तसाच पावसात उभा राहिला. मग त्याच्या पाठीच्या कण्यातून एक थंडी निघाली आणि दातांपर्यंत आली. ही थंडी त्यानं शेकडो लोकांच्या अंगात पाहिली होती. आपल्या अंगात ती ओळखायला त्याला जरा वेळ लागला.

झोपडीतून एक बाई इरलं डोक्यावर घेऊन बाहेर आली. चाळिशीची असेल. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"फिरत नाय?"

"नाही."

"तुमी पन थरथर कापता."

तिनं स्वतःच्या डोक्यावरचं इरलं काढून गाडीच्या दिव्यावर घातलं. मग दोघांनी मिळून गाडी ढकलत पडवीत घेतली. कुडाच्या भिंतीला टेकून पुंजाराम खाली बसला, तो उठलाच नाही.

बाईचं नाव नवसी. तिचा नवरा झिपरू उन्हाळ्यात तारापूरला विजेच्या कारखान्याच्या कामावर दगड वाहायला जाई, पाऊस लागला की शेतीला परत येई. आता तो खाली खाचरात भाताची बेणणी करत, तण उपटत होता. पोरं त्याच्याबरोबर. घरात नवसी एकटी, आणि चुलीजवळ अंग चोरून बसलेली एक कोंबडी.

पुंजारामनं पिशवी पुढे ओढली. नियम त्याला पाठ होता. आधी रक्त, मग गोळ्या. पण सुई त्याच्या बोटांत राहीना.

"बाई, तुम्ही टोचा."

नवसी हसली. "मागल्या खेपेस तुमाला बघून आमी करवंदीच्या जाळीत लपलो व्हतो. आज तुमची पाळी." तिनं त्याचं बोट घट्ट धरलं आणि काटा काढावा तशी सुई टोचली. पट्टीवर थेंब पडला. त्यानं गोळ्या गिळल्या. तिनं त्याच्यावर गोधडी टाकली, तिच्यावर पोतं टाकलं, तरी त्याची थंडी जाईना.

"गाडीला खोबरेल घालू का?" तिनं विचारलं. "थोडं हाय."

"नको." दात वाजत असताना त्यानं एकेक शब्द जुळवला. "तेलाला माती धरते. आत बारीक पत्रे असतात, त्यांच्या स्प्रिंगा. ते चिकटलेत. रॉकेलनं धुवा. थेंब थेंब. मग वाळवा. मग पेन्सिल…"

आणि तो घसरत घसरत खाली गेला.

तिथे खाली ऊन होतं. पांढरं, कोरडं, त्याच्या गावचं ऊन. बाभळीखाली आक्का भाकरी थापत बसली होती. त्याची थोरली बहीण रखमाबाई. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, तेव्हापासून आक्काच आई. तिनं त्याच्यासाठी मुलगी पाहून ठेवली होती, बोलणी केली होती, आणि यानं नोकरीचा कागद खिशात घालून पहाटेची एसटी धरली होती. कुणाला न सांगता. दोन वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. लिहायचं काय, हेच सुचत नव्हतं. आता ती समोर होती, भाकरीवरून पाण्याचा हात फिरवत होती, आणि तिच्या मागे बघावं तर भाताची हिरवी खाचरं थेट बाभळीच्या बुंध्यापर्यंत आलेली. हे पाणी गावात कुठून आलं, याचं त्याला नवल वाटलं, पण भीती नाही वाटली.

"आक्का," तो म्हणाला, "म्या चुकलो."

"बरं," आक्का म्हणाली.

"तुला न सांगता आलो. तुझी मान खाली गेली."

"जाऊ दे. आता झोप."

"तू रागावली न्हाईस?"

आक्कानं त्याच्या कपाळावर ओला हात ठेवला. हाताला धुराचा आणि रॉकेलचा वास येत होता. "व्हते," ती म्हणाली. "आता नाय."

पुढे तिचा चेहरा पाण्यात पडल्यासारखा हलला. अंगातली थंडी जाऊन आग आली. कुठेतरी खूप लांब लोखंडावर लोखंड घासत होतं, कर्र, कर्र, आणि थांबत होतं. पाऊस छपरावरून उतरत होता, की तो स्वतःच उतरत होता, हे कळत नव्हतं. त्याला अमुक एका ठिकाणी पोचायचं नव्हतं, इतकं मात्र बरं वाटत होतं.

जाग आली तेव्हा तो घामानं निथळला होता आणि अंग कापसासारखं हलकं. पाऊस थांबला होता. पडवीच्या कडेनं तिरपं ऊन आत आलं होतं, त्यात मोटारसायकल उभी होती, आणि तिच्यापाशी नवसी एका हातात कोंबडीचं पीस घेऊन बसली होती. तिची बोटं काळी झाली होती. दारात एक उंच, वाळका माणूस चिखलाचे पाय धूत होता. तो झिपरू.

"बघा आता," नवसी म्हणाली.

पुंजाराम भिंत धरून उठला. त्यानं किल्ली फिरवली. ती लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. दिव्यावरची तांबडी खूण पेटली. त्यानं बंद केली, परत फिरवली, परत बंद केली.

"हे कसं केलंत?"

"तुमीच सांगला." नवसीनं पीस कोंबडीच्या दिशेनं टाकलं. "रॉकेलात पीस बुडवून भोकात थेंब सोडले. काळं पानी आलं, ते फडक्यानं टिपलं. पानी साफ येईस्तोवर केलं. विस्तव जवळ नाय नेला. चुलीवर किल्ली तापवून आनली, आत घातली, काढली, परत तापवली. आत वाळलं. मंग तुमी पेन्सिल पेन्सिल करीत व्हता. मला वाटला, तारीख टाकायची हाय. तर तुमी डोळे मिटून बोलला, किल्लीला काळं फास."

झिपरू हसला. "मी आलो तवा ही किल्लीला काळं फाशीत बसलेली. मी म्हनलं, हिला पन ताप आला."

"मला वाटला बरळता," नवसी म्हणाली. "पन बाकीचं सांगितलेलं नीट व्हता. मंग कोयत्यावर शिसं घासून भुकटी केली, किल्लीला लावली. आत बाहेर, आत बाहेर. दुपारभर."

पुंजारामला हसू आलं. मग ते मध्येच थांबलं.

"मी आणखी काय काय बरळलो?"

 नवसीनं त्याच्यापुढे गवती चहा ठेवला. "तुमी मला आक्का बोलत व्हता," ती म्हणाली. "चुकलो बोलत व्हता. मी दोनदा सांगितला, मी नवसी हाय. तुमाला आयकू येत नव्हता. मंग मी म्हनला, बरं, मी आक्का." मग तिनं विचारलं, "तुमाला राग आला?"

"नाही."

"मी तिच्या वतीनं बोलले. तिला काय वाटल ते तिलाच ठावं. तुमी इचारा तिला."

झिपरूनं त्याला अंधार पडायच्या आत निघायला सांगितलं. ताप तिसऱ्या दिवशी परत येतो, हे त्यालाही ठाऊक होतं. पुंजारामनं किल्ली फिरवली, किक मारली, आणि गाडी पहिल्या दणक्याला सुरू झाली. वाटभर ओल्या खाचरांत आभाळ पडलेलं होतं. तो हळू चालवत होता. आपण जागे आहोत याची त्याला पुरती खात्री नव्हती आणि ती करून घ्यायची घाईही नव्हती.

त्याच्या रक्ताची पट्टी पालघरला तपासली गेली, जंतू निघाले, पुढच्या गोळ्यांचा डोस झाला. मधल्या एका बऱ्या दिवशी त्यानं आक्काला पत्र लिहिलं. चारच ओळी. लग्नाबद्दल काही नाही, नोकरीबद्दल काही नाही. ताप आला होता, एका बाईला तू समजलो, असं लिहिलं.

उत्तर आलं नाही. दसऱ्यानंतर एका सकाळी आक्काच आली. गावातल्या एका शिक्षकाला बरोबर घेऊन, मांडीवर बाजरीचं गाठोडं, पालघर स्टेशनच्या बाकड्यावर बसलेली. शिक्षकानं खात्याच्या कचेरीत येऊन पुंजारामला तिथे बोलावून नेलं. तिनं त्याला पायापासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाळलास." मग थोड्या वेळानं, "ती बाई कुठं ऱ्हाती?"

शिक्षकाला आपल्या खोलीवर सोडून त्यानं तिला मोटारसायकलवर मागे बसवून पाड्यावर नेलं. आक्का सबंध वाट डोळे मिटून, त्याचा सदरा मुठीत धरून बसली होती. नवसी अंगणात भात झोडत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, कुणीच नमस्कार केला नाही. आक्कानं बाजरीचं गाठोडं जोत्यावर ठेवलं. नवसीनं त्यात हात घालून दाणे बघितले आणि याचं करायचं काय, असं विचारलं. आक्का म्हणाली, चल, दाखवते.

पुंजाराम बाहेरच थांबला. आतून जात्याची घरघर येऊ लागली. भाकरी पातळ हवी की जाड, यावर दोघी वाद घालत होत्या, एक अर्धं बोलायची आणि दुसरीला ते अर्धंच कळायचं. तो जोत्यावर टेकून ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचे डोळे जड झाले.