रिकामा डबा

सरोजताई अठरा वर्षं उकडीचे मोदक करून देत होत्या आणि त्यांचा सगळा कारभार एका फळीवर चाले. गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकाने आपला डबा आणून द्यायचा. आत चिठ्ठी, किती मोदक आणि किती वाजता. डबे वेळेप्रमाणे फळीवर लागत. रिकामा दिसला की भरायचा आणि भरला की दाराजवळच्या टेबलावर ठेवायचा, संपलं.

त्यांच्या मुलाला, साकेतला, ही फळी बघवत नसे. माजिवड्याच्या ऑफिसात तो मोठमोठ्या कंपन्यांच्या कामाला शिस्त लावून देई, आणि इथे डोंबिवलीत सख्खी आई चिठ्ठ्यांवर धंदा करत होती. यंदा त्याने हट्टच धरला. फोनवर भरायचा फॉर्म, ऑर्डरचा नंबर, एकसारखे पुठ्ठ्याचे खोके, खोक्यावर स्टिकर. फोनने स्टिकर वाचला की ती ऑर्डर पूर्ण, आणि मगच पुढची दिसणार. गोंधळाला जागाच ठेवायची नाही, असं त्याचं म्हणणं. सरोजताईंच्या मनात नव्हतं, पण पोराने तीन रविवार त्यात घातले होते, म्हणून त्या हो म्हणाल्या. वर एवढंच बोलल्या, "बाराला घरोघरी नैवेद्य असतो. तेवढं सांभाळ."

चतुर्थीला सकाळी मोदकांची पहिली रास खोक्यांत गेली आणि वाफेने पुठ्ठा ओलागच्च झाला. स्टिकर एकेक करून गळून पडले. फोनला ते वाचता येईनात, आणि तुपाच्या बोटांना फोन दाद देईना. पहिली ऑर्डर पूर्ण होत नाही म्हणून दुसरी दिसत नव्हती. सरोजताईंच्या जोडीला पंधरा वर्षं मोदक वळणाऱ्या विमलाबाई भरलेली परात घेऊन उभ्याच राहिल्या. कोणाचे ते सांग रे बाबा, असं त्यांनी तीनदा विचारलं.

साडेदहाला जिन्यात माणसं उभी राहिली. आईने अठरा वर्षांत कमावलेलं नाव आपण दीड तासात घालवतोय हे साकेतला स्वच्छ दिसत होतं, आणि लॅपटॉपवरचं चक्र नुसतं फिरत होतं.

तेवढ्यात तळमजल्यावरचे प्रभाकरकाका आत आले. साकेतने सवयीने ऑर्डरचा नंबर विचारला. काकांकडे नंबर नव्हताच. एकवीस मोदकांसाठी माझी जन्मतारीख कशाला हवी, असं म्हणून त्यांनी फॉर्म अर्ध्यात सोडला होता आणि दरवर्षीप्रमाणे काल संध्याकाळी डबा फळीवर ठेवून गेले होते. आता यांना काय सांगायचं, असं साकेतला झालं, तोच विमलाबाईंनी टेबलावरून काकांचा पोचे आलेला पितळी डबा उचलून त्यांच्या हातात दिला. डबा गरम होता.

साकेत बघतच राहिला. विमलाबाई म्हणाल्या, "रिकामा दिसला, भरला."

त्या सकाळी पोचती झालेली ती एकमेव ऑर्डर होती, आणि तीही फॉर्म न भरणाऱ्याची. साकेतने आईकडे पाहिलं. त्या मुकाट्याने पाऱ्या करत होत्या. रागावल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. त्याने लॅपटॉप मिटला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एक ओळ पाठवली, येताना आपला डबा आणा, आत चिठ्ठी टाका.

जिन्यातली माणसं घरी पळाली आणि डबे घेऊन परत आली. मोदक तयारच होते, परातीत खोळंबलेले. साकेत फळी लावू लागला, विमलाबाई भरू लागल्या. मोदक न्यायला लांब ठाण्याच्या कोलशेतहून आलेल्या सोनलला डबा आणायला परत जाणं शक्य नव्हतं, ती सरोजताईंच्याच कुकरचं भांडं भरून घेऊन गेली. बाराला दहा कमी असताना शेवटचा डबा बाहेर पडला.

घरचा नैवेद्य झाल्यावर साकेत फळीखाली बसला. पोटात कावळे ओरडत होते आणि परात चाटूनपुसून साफ होती.

"आई, चुकलो मी."

"चुकलास," सरोजताई म्हणाल्या. "पण तुझा तो एका ओळीचा मेसेज छान होता. दरवर्षी आदल्या दिवशी पाठवत जा."

त्याने हसून मान वर केली, तर फळीच्या कोपऱ्यात अजून एक डबा. कोणाचा तरी राहिला म्हणून तो धडपडत उठला. निळा, एका कडीचा, त्याचा शाळेतला डबा. आत पाच मोदक होते, आणि झाकणाला आईच्या अक्षरातली कालची चिठ्ठी: साकेत, पाच, काम संपल्यावर.

त्याने विमलाबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस," त्या म्हणाल्या. "रिकामा दिसला, भरला."